आज्ञेंतील एक अक्षर

संगणकास आज्ञा देण्याचे दोन मार्ग आहेत. पडद्यावरील चित्रांतून हवें तें निवडणें हा एक. आणि आज्ञा शब्दशः टंकून देणें हा दुसरा. या दुसऱ्या मार्गास कमांड लाईन म्हणतात. नवें सॉफ्टवेअर बसविणाऱ्या स्क्रिप्टला अशी आज्ञा देतांना तिच्यापुढें जे लहान शब्द जोडतात, त्यांस ऑप्शन असें नांव आहे. त्यांच्या आरंभीं बहुधा दोन आडव्या रेघा असतात. प्रत्यक्षांत हे शब्द रोमन लिपींत टंकावे लागतात. येथें ते सोयीसाठीं देवनागरींत दिले आहेत.

उदाहरणार्थ, माहितीचें कोठार सांभाळणारें पोस्टग्रेस-क्यू-एल हें सॉफ्टवेअर घ्या. मूळ मजकुरापासून तें तयार करण्याच्या रूढ पद्धतींत प्रथम 'कॉन्फिगर' नांवाची स्क्रिप्ट चालवितात. तीस '--विथ-ओपनएसएसएल' हा ऑप्शन दिला म्हणजे कोठाराशीं होणारी देवघेव गुप्त लिपींत करण्याची सोय होते. आतां समजा, टंकतांना 'ओपन' शब्दांतील एक अक्षर गळालें. स्क्रिप्ट थांबत नाहीं. 'हा ऑप्शन ओळखीचा नाहीं' अशा अर्थाची सूचना देऊन ती काम पुरें करते, आणि इतर ओळींच्या गर्दींत ती सूचना नजरेआड होते. सॉफ्टवेअर चालूंहि लागतें. परंतु लोकांचे पत्ते किंवा रुग्णांचीं टिपणें तारेवरून उघडीं जाऊं शकतात. चूक एकाची, हानि मात्र भलत्याचीच!

स्क्रिप्टनें अशी ढिलाई कां करावी? त्यास कारण आहे. अशा स्क्रिप्टा ऑटोकॉन्फ या साधनानें तयार होतात. डेव्हिड मॅकेन्झी यांनीं १९९१ सालीं त्याचा आरंभ केला. एका सॉफ्टवेअरच्या पोटांत दुसरें सॉफ्टवेअर असूं शकतें, व वरची स्क्रिप्ट आपणांस मिळालेले ऑप्शन खालच्या स्क्रिप्टकडे पोंचविते. म्हणून 'विथ' किंवा 'एनेबल' यांनीं आरंभ होणारा अनोळखी ऑप्शन दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा असेल, असें धरून ती तो सोडून देते. '--प्रीफिक्स' या शब्दांतील अक्षरांची उलटापालट झाली तर मात्र ती तत्काळ थांबते. थांबणारी चूक बरी, कारण ती दिसते.

यावर उपाय पुढीलप्रमाणें आहेत.

१. स्क्रिप्टलाच विचारावें. '--हेल्प' असें टंकल्यास ती आपले ऑप्शन स्वतःच सांगते. ऐकीव शब्दापेक्षां ही यादी प्रमाण मानावी.

२. चिन्हें तपासावीं. लेखनाचीं कांहीं साधनें दोन आखूड रेघांची आपोआप एक लांब रेघ करतात. तशी नक्कल केलेली आज्ञा निरुपयोगी ठरते. बरोबरीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडल्यास एका शब्दाचे तीन शब्द होतात.

३. कडक तपासणी मागावी. '--एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल' हा ऑप्शन जोडला म्हणजे अनोळखी शब्द येतांच स्क्रिप्ट थांबते.

४. नोंद वाचावी. 'कॉन्फिग.लॉग' या नोंदींत आपण दिलेली आज्ञा जशीच्या तशी, चुकीसह, उतरलेली असते. ती यादीशीं अक्षरशः ताडून पहावी.

अडचण आली कीं पुष्कळजण व्यवस्थापकाचा अधिकार वापरून तीच आज्ञा पुन्हां देतात. अधिकारानें चुकीचा शब्द शुद्ध होत नाहीं. त्या चुकीचा परिणाम मात्र अधिक दूरवर पोंचतो. अधिकार खरोखरच अपुरा असल्याचें सूचनेंत म्हटलें असेल, तरच हा मार्ग विचारांत घ्यावा.

सारांश, स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली एवढ्यावरून तिनें आपलें सर्व म्हणणें ऐकलें असें समजूं नये. काय मागितलें आणि काय मिळालें, हें दोन्ही ताडून पाहिल्यावरच काम पुरें झालें असें म्हणावें.