पावसाळी शिल्लक

मालवणच्या बाजारपेठेत काजूगर, आमसुले आणि मसाले यांचे किरकोळ दुकान चालविणाऱ्यास चोर म्हटला की प्रथम आठवतो तो मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ला पाहून धक्क्यावरून थव्याने दुकानात शिरणारा पर्यटक. परंतु त्या गर्दीने उचललेला माल क्षुल्लक होता, आणि मला खरोखर जाचलेली तूट किल्ल्याच्या होड्या बंद असलेल्या आषाढ-श्रावणात पडली.

विलक्षण हे की त्या दिवसांत वजनाने काढलेली शिल्लक कीर्दीशी तंतोतंत जुळत असे. शेकडा ५ पर्यंत आर्द्रतेचा सुका काजूगर पावसाळी हवेत उघड्या बरणीत राहिला की सादळून जड होतो, मिठाची आमसुले तर पाझरू लागतात. सारांश, नेलेल्या मालाची भरपाई पर्जन्य करीत होता आणि तराजू इमानेइतबारे खोटी साक्ष देत होता. आश्विनात गर पुन्हा सुकविला तेव्हा तूट उघडी पडली.

तेव्हापासून मृगापूर्वी सर्व गर हवाबंद पिशव्यांत भरून मी तो नगांनी मोजतो. बरणी एका वेळी एकच उघडतो. आणि जो वजन करतो त्याच्या हाती कीर्द देत नाही. काजूगराच्या प्रतींची अदलाबदल हा चोरीचा याहून सूक्ष्म प्रकार. प्रतींना दिलेले १८० व ३२० हे आकडे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, भरणाऱ्या गरांचे आहेत. म्हणून १८० च्या बरणीतले १०० ग्रॅम काढून मोजावेत, चाळिसाच्या आसपास असतील तर ठीक, सत्तरीकडे गेले तर भारी माल हलक्या भावाने कोणाच्या तरी पिशवीत गेला असे खुशाल समजावे.

संशय आला म्हणून नोकरास कोंडण्याचा वा मारहाणीचा अधिकार धन्यास पोहोचत नाही, हे आमच्या पेठेतील कित्येक वडीलधाऱ्यांस आजही रुचत नाही. नोकराने केलेल्या चोरीस १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत कारावास आहे. पण फिर्याद टिकावयाची तर तारीखवार नोंदी हव्यात. माझ्याजवळ त्या वेळी नव्हत्या. वखारीतून चिठ्ठीवाचून माल काढावयाचा नाही अशी तजवीज केल्यावर तूट थांबली. ज्या दोघांवर संशय होता ते अद्याप कामावर आहेत, आणि त्यांपैकी निदान एक निरपराध असावा म्हणून मी दोघांशीही त्याविषयी अक्षर बोललेलो नाही.