नोंदीचा प्रवास : जनरल रजिस्टरपासून डिजिलॉकरपर्यंत

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या पटावर स्थान नव्हते, त्याच्यासाठी ही एक ओळ म्हणजे इतिहासाचे अस्सल साधन आहे.

१९१६ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले, तेव्हा प्रा. सेलिग्मन यांनी प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. एका विद्यापीठाची खात्री दुसऱ्यापर्यंत अशी कागदानेच पोहोचत असे. आपल्याकडेही १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. दाखल्यासाठी प्रवासखर्च किंवा टपालाची प्रतीक्षा, हे गरीब विद्यार्थ्याच्या नशिबी ठरलेलेच होते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात विद्यापीठ स्वतः गुणपत्रक व पदवी डिजिलॉकरमार्फत जमा करते. २०२१ च्या नियमांनी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली. विद्यार्थ्याच्या बारा अंकी क्रमांकावर त्याची संस्था श्रेयांक जमा करते. विद्यार्थ्याला ते स्वतः भरता येत नाहीत. म्हणूनच दुसरी संस्था त्याच्या संमतीने ते पाहू शकते आणि त्यांवर विश्वास ठेवू शकते. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयांनी अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे.

परंतु यंत्राला माणूस ओळखता येत नाही. त्याला केवळ अक्षरे जुळवता येतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि गुणपत्रकावर तिसरे असेल, तर खाते जोडताना अडचण येते. शिष्यवृत्तीही तेथेच अडते. या साऱ्या नोंदींचे मूळ शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. शाळा सोडल्यानंतर तेथील दुरुस्ती फार कठीण होते.

म्हणून नशिराबाद परिसरातील पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी पाल्याचे नाव, आईवडिलांचे नाव, जन्मतारीख व जातीची नोंद शाळेत येऊन स्वतः वाचा. वाचता येत नसेल, तर आम्ही वाचून दाखवू. चूक आढळल्यास पुराव्यासह त्याच वेळी अर्ज द्या. डिजिलॉकरचा सांकेतिक क्रमांक मात्र कोणालाही सांगू नका.

पटावर नाव येण्यासाठी आपल्या पूर्वजांनी संघर्ष केला. ते नाव अचूक राखणे हे आपले कर्तव्य आहे.