मनगटावरील हिशेबनीस आणि त्याचा पुनरारंभ

घड्याळानें वेळ सांगावी, एवढीच पूर्वीं त्याच्याकडून अपेक्षा असे. आतां मनगटावरचा लहानसा पट्टा आपलीं पावलें मोजतो, नाडी पाहतो आणि आपण किती वेळ झोंपलों ह्याचाही जमाखर्च ठेवितो. त्यास लोक 'फिटनेस बँड' म्हणतात. पावलें मोजण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. १९६५ सालीं जपानांतील यामासा नांवाच्या कंपनीनें कमरेस लावण्याचें 'मानपो-केई' नामक यंत्र विक्रीस आणिलें. त्या शब्दाचा अर्थ 'दहा हजार पावलांचें मापक' असा आहे. रोज दहा हजार पावलें चालावें, हें जें वचन आज घरोघर ऐकूं येतें, त्याचें मूळ त्या यंत्राच्या नांवांत आहे. कोणा वैद्याच्या आज्ञेंत नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत कागल व हातकणंगले ह्या तालुक्यांत कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे. तेथें कोणी फौंड्रींत, कोणी मशीनशॉपमध्यें, तर कोणी कापडाच्या गिरणींत काम करितो. आणि पाळीला निघालेल्या कित्येक माणसांच्या मनगटावर आज असा बँड दिसतो. तो बिघडला म्हणजे घरांतील शाळकरी मुलाच्या हातीं देऊन "बाळ, जरा बघ रे" असें म्हणण्याची रीतच पडली आहे. मूलही मोठ्या उत्साहानें रीसेटचें बटण दाबून मोकळें होतें. वैद्यांच्या सांगण्यावरून वडिलांनीं तीन महिने चालण्याचा नेम राखिला असावा, आणि त्या नेमाची नोंद एका क्षणांत पुसली जावी, हा अनर्थ अशा वेळींच घडतो. म्हणून हा विषय समजून घेणें अगत्याचें आहे.

बँडच्या अंतरंगांत काय आहे?

बँडमध्यें दोन-तीन मिलिमीटर लांबीचा एक गतिमापक असतो. हात हालला कीं त्यास तिन्ही दिशांचा वेगबदल कळतो, आणि ठरावीक तालांत येणारे झोके पाहून तो 'हें एक पाऊल' असें अनुमान करितो. लक्षांत ठेवा, तो पाय पाहत नाहीं, हात पाहतो. नाडीसाठीं पट्ट्याच्या पोटाशीं हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास कातडीखालीं रक्त वाढलें कीं परत येणारा प्रकाश कमी होतो. ह्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात.

ह्या सर्वांचा हिशेब करणारा एक चिमुकला संगणक आंत असतो. त्याच्या स्मृतीचे दोन भाग आहेत. एक भाग शाळेंतील फळ्यासारखा: चालू गणित त्यावर मांडावयाचें आणि पुसावयाचें. दुसरा भाग वहीसारखा: केलेल्या नोंदी, मालकाचें वय व उंची, कोणत्या फोनशीं ओळख आहे, हें सर्व त्यांत टिकून राहतें. बँड आठवडेच्या आठवडे अखंड चालू असतो. एखादें गणित अर्धवट राहिलें, एखादा आंकडा चुकीच्या जागीं पडला, कीं फळा गिचमिड होतो आणि बँड अडखळतो. पडदा गोठतो, स्पर्श कळत नाहीं, वेळ मागें पडते, किंवा फोनशीं बोलणें थांबतें.

आतां रीसेटचे दोन प्रकार सहज समजतील. पहिला पुनरारंभ, म्हणजे 'रीस्टार्ट'. ह्यांत फळा पुसला जातो, वही शाबूत राहते. दुसरा 'फॅक्टरी रीसेट'. ह्यांत वहीचीं पानेंही जातात, आणि बँड कारखान्यांतून निघाला त्या स्थितीस येतो. दोन्ही शब्द बोलण्यांत सारखेच वापरले जातात, आणि घोटाळा तेथेंच होतो.

उपायांचा क्रम

वैद्यकांत आधीं पथ्य, मग औषध आणि सर्वांत शेवटीं शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. तोच येथें पाळावा.

१. प्रथम स्वच्छता. बँडच्या पाठीवरील धातूचे ठिपके व चार्जर कोरड्या मऊ फडक्यानें पुसावे. फौंड्रींत किंवा लेथजवळ काम करणाऱ्यांनीं हें विशेष पाहावें. कारण पुष्कळ चार्जर चुंबकानें चिकटतात, आणि चुंबकास लोखंडाचा बारीक कीसही चिकटतो. घामाचा क्षार ठिपक्यांवर बसला तरी वीज आंत शिरत नाहीं. असा बँड 'मेला' असें वाटतें, परंतु तो केवळ उपाशी असतो.

२. मग पूर्ण चार्ज. घट कमी भरला असतां कित्येक बँड कांहीं कामें आपोआप बंद ठेवितात.

३. मग फोन पाहावा. ब्लूटूथ बंद करून पुन्हां चालू करावें, ॲप बंद करून उघडावें, आणि जरूर पडल्यास फोनही एकदां बंद-चालू करावा. घरांतील दुसऱ्या एखाद्या फोननें बँडला धरून ठेविलें नाहीं ना, हेंही पाहावें.

४. मग बँडचा पुनरारंभ. पुष्कळ बँडांत ही सोय सेटिंग्जमध्यें असते. पडदाच गोठला असेल तर कांहीं बँडांत बाजूचें बटण कंपनीनें सांगितलेला वेळ दाबून धरावें लागतें. कांहींत बँड चार्जरवर ठेवूनच तें करावें लागतें. प्रत्येक जातीची रीति निराळी असल्यामुळें तिची पुस्तिका वाचणें हाच राजमार्ग होय.

५. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटीं. त्यापूर्वीं बँडमधील नोंदी फोनमध्यें उतरवून घ्याव्या. बँडची वही लहान असते. फिटबिटच्या बहुतेक बँडांत सविस्तर नोंदी सातच दिवस राहतात. तेव्हां फोनशीं नियमित मेळ घालणें, हीच खरी राखण. रीसेट केल्यावर फोनच्या ब्लूटूथ यादींतूनही बँडचें जुनें नांव काढून टाकावें. बँड व फोन ह्यांनीं ओळखीची एक गुप्त खूण वाटून घेतलेली असते. एकानें ती विसरली आणि दुसऱ्यानें तीच धरून ठेविली, तर दोघांची गांठ पडत नाहीं.

बँड दुसऱ्यास देतांना किंवा विकतांना मात्र फॅक्टरी रीसेट अवश्य करावा व आपल्या ॲपमधूनही तो काढावा. आपली झोंप आणि आपली नाडी ह्या खासगी गोष्टी आहेत.

रीसेटनें जें सुधारत नाहीं

कित्येक दोष दोषच नसतात. दोन्ही हातांनीं ढकलगाडी लोटीत कामगार दिवसभर चालतो, तरी त्याचीं पावलें थोडींच भरतात. कारण त्याचे हात झुलत नाहींत. उलटपक्षीं, खडबडीत रस्त्यावर मोटारसायकलीच्या हादऱ्यांनीं न चाललेलीं पावलेंही जमा होऊं शकतात. रात्रपाळी करून सकाळीं निजणाऱ्याची झोंप कांहीं बँड नीट ओळखत नाहींत, किंवा तिला दुपारची डुलकी समजतात. पट्टा सैल असला म्हणजे बाहेरचा उजेड आंत शिरून नाडीचा आंकडा चुकतो. येथें शंभर वेळां रीसेट केला तरी उपयोग नाहीं. पट्टा नीट बांधणें आणि यंत्राची मर्यादा ओळखणें, हाच उपाय.

दोन सूचना अत्यंत महत्त्वाच्या आहेत. पहिली: फिरत्या यंत्राजवळ काम करतांना मनगटावर बँड, घड्याळ, कडें कांहींही ठेवूं नये; पावलें गेलीं तर जावोत, हात राहिला पाहिजे. तसेंच बँडची पाठ फुगलेली दिसल्यास आंतील लिथियमचा घट बिघडला असें समजून चार्ज करणें तत्काळ थांबवावें. दुसरी: छातींत दुखूं लागलें, घेरी आली, दम लागला, तर बँड काय सांगतो हें पाहत बसूं नये. तो रीसेट करण्याची ती वेळ नव्हे. ती वैद्याकडे धांव घेण्याची वेळ होय.

तात्पर्य

विद्यार्थिमित्रांनो, दोषाचें कारण न शोधितां सर्व कांहीं पुसून टाकणें सोपें असतें; परंतु त्यांत विद्या नाहीं. लहान उपायापासून आरंभ करावा, प्रत्येक उपायानंतर थांबून फळ पाहावें, आणि दुसऱ्याच्या श्रमाची नोंद आपल्या हातून पुसली जाणार असेल तर आधीं त्याची अनुमति घ्यावी. वडिलांनीं विश्वासानें हातीं दिलेल्या वस्तूविषयीं एवढी निष्ठा आपण राखिलीच पाहिजे. आणि पालकांसही विनंती कीं, आंकडा कमी भरला म्हणून मन खट्टू करूं नये. पाळीवर आठ तास उभें राहून केलेलें काम बँडला दिसत नसेल. घरच्यांना तें दिसतें.

अभ्यास

१. मनांत मोजून शंभर पावलें चाला. बँडनें किती मोजलीं तें लिहा. हाच प्रयोग दोन्ही हात खिशांत घालून पुन्हां करा व फरकाचें कारण सांगा.

२. स्वस्थ बसून मनगटावर बोटें ठेवा, तीस सेकंदांतील ठोके मोजा व त्यांची दुप्पट करा. बँडच्या आंकड्याशीं ताडून पाहा.

३. घरच्या बँडची पुस्तिका शोधा. त्यांत रीस्टार्ट व फॅक्टरी रीसेट ह्यांच्या रीति कोणत्या दिल्या आहेत, त्या निरनिराळ्या लिहून काढा.