चालू कामात स्क्रीन काळी पडली? पार्ट घ्यायला पुण्याला जाण्याआधी हे तपासा

व्हिडिओत वेळेअभावी काही गोष्टी घाईत सांगाव्या लागतात, म्हणून हा धडा इथे सविस्तर लिहून देतोय. मोबाईलवर वाचत असाल तर हे पान सेव्ह करून ठेवा, कारण याची गरज पडेल तेव्हा तुमचा कॉम्प्युटर बंद असेल!

भोर आणि वेल्ह्यात घरच्या घरी कॉम्प्युटरवर धंदा सुरू करणारे आता बरेच जण आहेत. कुणी ऑनलाइन फॉर्म भरून देतं, कुणी झेरॉक्स-प्रिंट, कुणी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन, कुणी दुकानदारांचे हिशेब. सगळ्यांचा बहुतेक एकच कॉम्प्युटर असतो. तो चालू कामात काळा पडला की धंदाच थांबतो. समोर गिऱ्हाईक बसलेलं, फॉर्मची शेवटची तारीख, आणि स्क्रीन काळी.

अशा वेळी आपण घाबरून कुणाला तरी फोन करतो. पलीकडून न बघताच उत्तर येतं, 'रॅम गेली असेल' किंवा 'एसएमपीएस बदला'. मग भोरहून कापूरहोळमार्गे किंवा वेल्ह्याहून नसरापूरमार्गे पुण्याला जायचं, पार्ट आणायचा, आणि चौथ्या दिवशी स्क्रीन पुन्हा काळी. पार्टचे पैसे गेले, जाण्यायेण्याचे गेले, आणि दुकान बंद राहिलं तो दिवसही गेला.

म्हणून आजच्या धड्यातली एकच गोष्ट पक्की करा. काळी स्क्रीन हे लक्षण आहे, आजार नाही. ताप आला म्हणजे मलेरियाच असं आपण म्हणत नाही ना? तसंच हे. आधी नेमकं काय बंद पडलं ते ओळखायचं, मग खिशात हात घालायचा.

पहिलं एक मिनिट: बटण दाबू नका, बघा आणि ऐका

स्क्रीन काळी पडली की आपला हात आधी पॉवर बटणावर जातो. तो आवरा. आधी तीन गोष्टी बघा.

१. कॅबिनेटचा पंखा फिरतोय का, त्यावरचा दिवा चालू आहे का?
२. मॉनिटरचा छोटा दिवा चालू आहे, लुकलुकतोय, की पूर्ण बंद आहे?
३. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का?

या तीन उत्तरांवरून तुमचा बिघाड चारपैकी एका खान्यात बसतो.

खाना पहिला: सगळंच बंद पडलं

पंखा थांबला, दिवे गेले. म्हणजे स्क्रीनचा काही दोष नाही, कॉम्प्युटरलाच वीज मिळेनाशी झाली किंवा त्याने स्वतःला बंद करून घेतलं.

सगळ्यात आधी यूपीएसवर संशय घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात वीज ये-जा करते. कधी एका क्षणासाठीच जाते, बल्ब नुसता डोळा मारतो. चांगला यूपीएस तेवढा क्षण सांभाळून घेतो. बॅटरी म्हातारी झाली असेल तर यूपीएसचा दिवा हिरवाच दिसतो, पण वीज गेली की कॉम्प्युटर तिथल्या तिथे बंद.

तपासायचं कसं? सगळं काम सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा, आणि यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करा. कॉम्प्युटर लगेच बंद पडला किंवा मिनिटभरही टिकला नाही, तर दोष बहुतेक बॅटरीचा. घरगुती यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-चार वर्षांत थकते. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं असतं. दुकानदाराला परत द्या, बरेच जण त्याचे थोडे पैसे वजा करतात.

आता प्रिंट काढणाऱ्यांनी नीट लक्ष द्या. प्रिंट दिली की स्क्रीन काळी होते? मग तुमचा लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला आहे का ते बघा. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करायला आतला रोलर तापवतो आणि त्या क्षणी एकदम जास्त वीज ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार घेतो. त्याच्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि लेझर प्रिंटर असं तिघांचं ओझं टाकलं की तो हात टेकतो. उपाय फुकट आहे: लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि इंटरनेटचा राउटर ठेवा. शाईच्या टाकीचा इंकजेट प्रिंटर फार वीज घेत नाही, त्याचा एवढा त्रास होत नाही.

यूपीएस ठीक असूनही कॉम्प्युटर अर्ध्या-एक तासाने बंद पडतो, आणि लगेच चालू केला की आणखी लवकर बंद पडतो, तर उष्णता हे कारण असू शकतं. प्रोसेसरचं तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवायला काम कमी करतो, आणि तरीही तापला तर मशीन बंद करतो. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलाय? मागची बाजू भिंतीला चिकटलीय? शेजारी चूल, भाताची गिरणी किंवा मातीचा रस्ता आहे? मग आत धूळ साचणारच. वायर पूर्ण काढून, कोरड्या मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं आत अजिबात नको.

यातलं काहीच नसेल तर एसएमपीएसवर संशय. तो डबा स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते. तपासणाऱ्याला मीटर लावायला सांगा. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या दरम्यान, आणि तेही मशीनवर काम चालू असताना. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कॉम्प्युटरवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा आणि अर्थिंग बघायला सांगा. तो जिवाचा प्रश्न आहे.

खाना दुसरा: कॉम्प्युटर चालू, कॅप्स लॉकही चालतं, फक्त चित्र नाही

ही त्यातल्या त्यात चांगली बातमी! विंडोज जिवंत आहे, तुमचं काम अजून आत आहे. वर्ड, एक्सेलसारखी फाईल उघडी असेल आणि तिला आधी नाव दिलेलं असेल, तर न बघता कंट्रोल आणि एस दाबा. काम सेव्ह होण्याची चांगली शक्यता असते.

मग विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यामुळे चित्र दाखवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बारीक आवाज येतो आणि पुष्कळदा स्क्रीन परत येते. असं वारंवार करावं लागत असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून पुन्हा टाका.

तरी चित्र आलं नाही तर केबल बघा. मॉनिटरचा दिवा लुकलुकत असेल किंवा 'नो सिग्नल' लिहून येत असेल, तर केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा. जुन्या निळ्या तोंडाच्या केबलचे दोन्ही स्क्रू आवळा. टेबल हललं की स्क्रीन जाते, असं होत असेल तर केबल बदलून बघा. शेजाऱ्याची मागून आणा, विकत नंतर घ्या.

आणि हो, माउस हलवल्यावर स्क्रीन परत येते का? मग तो बिघाडच नाही. सेटिंगमध्ये ठरावीक मिनिटांनी स्क्रीन बंद करण्याची सोय असते, ती वेळ वाढवा.

खाना तिसरा: पंखा चालू, पण कॅप्स लॉक मेलेलं

म्हणजे मशीन अडकलं. दोन मिनिटं थांबा. काहीच झालं नाही तर पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून बंद करा. वायर काढा, रॅम बाहेर घ्या. तिच्या सोनेरी पट्टीवरून स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, आणि दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. पावसाळ्यात दमट हवेने या पट्ट्यांवर थर चढतो, त्यामुळे हा दहा मिनिटांचा उपाय बरेचदा लागू पडतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, खराब कोणती ते तिथेच कळेल.

खाना चौथा: दोष मॉनिटरचा

आवाज येतोय, कॅप्स लॉक चालतंय, मॉनिटरचा दिवाही नेहमीसारखा, तरी काळोख. मग मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. आत अगदी पुसट चित्र दिसलं, तर पडद्यामागचा प्रकाश गेलाय, कॉम्प्युटर ठणठणीत आहे. आणि मॉनिटरचा दिवाच पूर्ण बंद असेल तर त्याची वीजेची वायर आणि अडॅप्टर तपासा. घरातल्या टीव्हीला एचडीएमआय असेल तर कॉम्प्युटर त्याला जोडा. दुपारपर्यंतचं काम टीव्हीवर निघून जातं!

तीन नोंदी, मग निर्णय

आता धंद्याचा भाग. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: तारीख-वेळ, काय काम चालू होतं, पंखा, मॉनिटरचा दिवा, कॅप्स लॉक. तीन नोंदी झाल्या की कारण डोळ्यांसमोर येतं. तिन्ही वेळा प्रिंट चालू होती? तिन्ही वेळा दुपारी दोननंतर? तिन्ही वेळा पाऊस होता?

विंडोजही स्वतःची वही ठेवतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून 'सिस्टिम' मध्ये बघा. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसलं तर मशीन नीट बंद न होता अचानक गेलं, एवढाच त्याचा अर्थ. कारण ते सांगत नाही, आणि त्यावरची वेळ मशीन पुन्हा चालू झाल्याची असते. ४१०१ दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला.

ही वही घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलात की बोलणंच बदलतं. 'स्क्रीन जाते' असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला अंदाजाने पार्ट मिळतो. 'प्रिंट देताना सगळंच बंद पडतं, यूपीएस काढल्यावर पडत नाही' असं सांगणाऱ्याचं काम पाच मिनिटांत होतं. पार्ट बदलायचाच असेल तर तीन गोष्टी मागा: कशावरून खराब ठरवला ते समोर दाखवा, जुना पार्ट परत द्या, आणि वॉरंटी बिलावर लिहा.

खर्चाचा हिशेबही मांडा. समजा तुमची दिवसाची कमाई ६०० रुपये आहे आणि पार्ट ८०० चा. पुण्याला जाण्यात एक दिवस गेला, प्रवासाचे २०० गेले, तर तो पार्ट तुम्हाला १६०० ला पडला. अंदाज चुकला तर हे सगळं पुन्हा. घरी तपासणीला दिलेला अर्धा तास किती किमतीचा आहे ते यावरून कळेल.

गिऱ्हाइकाचं नुकसान होऊ देऊ नका

पार्ट पुन्हा मिळतो, गिऱ्हाइकाचा विश्वास मिळत नाही. म्हणून हे नियम आजपासून पाळा.

- फॉर्म सुरू केला की अर्ज क्रमांक लगेच कागदावर लिहा. स्क्रीन गेली तरी मोबाईलवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पुढे जाता येतं.
- पैसे भरताना स्क्रीन गेली तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा मेसेज आणि पोर्टलवर पेमेंटची स्थिती बघा.
- रोज संध्याकाळी कामाच्या फाईल पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन ठेवा.
- आधार, सातबारा, दाखले यांच्या स्कॅन कॉपी काम झालं की काढून टाका. मशीन उद्या दुरुस्तीला गेलं तर गावाची कागदपत्रं त्याच्याबरोबर जायला नकोत.
- मशीन देताना स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या: 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' स्क्रीन काळी असली तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा चांगली असते, ती दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढता येतो.
- वळीवाचा गडगडाट सुरू झाला की काम सेव्ह करून प्लग काढा. इंटरनेटची वायरही काढा, वीज तिच्यातूनही येते.

गृहपाठ

आजच यूपीएसची चाचणी घ्या, लेझर प्रिंटर कुठे जोडलाय ते बघा, आणि वर दिलेले तीन प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरशेजारी चिकटवा. घरात दुसरं कुणी कॉम्प्युटर वापरत असेल तर त्यांनाही समजावून सांगा, कारण स्क्रीन काळी पडेल तेव्हा तुम्ही दुकानात असालच असं नाही.

पुढच्या भागात बघू, एकाच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धंद्याने दुरुस्तीसाठी दर महिन्याला किती पैसे बाजूला काढावेत. तोपर्यंत वही सुरू करा!