पुस्तकातला समुद्र आणि टेबलावरचे खलाशी

‘स्कल अँड शॅकल्स’ हे पायझो कंपनीने २०१२ साली पाथफाइंडर या खेळासाठी काढलेलं सहा भागांचं चाचेगिरीचं कॅम्पेन, म्हणजे बैठकींमागून बैठकी चालणारं कथानक. मी ते पुण्यात दोन टेबलांवर चालवते. एका टेबलावर माझ्याच वयाची नोकरदार मंडळी, दुसऱ्यावर भाचा आणि त्याचे शाळकरी दोस्त. खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी एवढंच सांगते, की प्रत्येक खेळाडू एक पात्र सांभाळतो, उरलेलं सगळं जग गेम मास्टर म्हणजे जीएम सांभाळतो आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. पुस्तक एकच, पण दोन्ही टेबलांवरचा खेळ आता एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नाही. आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहे. चाचेगिरीच्या खेळात खजिना हे निमित्त असतं. जहाजावर हुकूम कुणाचा चालणार, हा खरा मामला. त्याचं उत्तर पुस्तक लिहिणाऱ्याला कसं ठाऊक असणार?

१. चाचा म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतो, ते आधी विचारा.

खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला सगळीकडे सेशन झिरो म्हणतात. मोठ्यांच्या टेबलाच्या त्या बैठकीत मी एवढा एकच प्रश्न टाकला. एकजण म्हणाला जॅक स्पॅरो. एकीने ‘वन पीस’मधल्या लुफीचं नाव घेतलं. तिसऱ्याला ‘ब्लॅक सेल्स’ मालिकेसारखं बंदरातलं राजकारण हवं होतं. चौथा आमचा इतिहासवाला. तो हाताची घडी घालून म्हणाला, “कान्होजी आंग्रे चाचे नव्हते.” तसं कुणीच म्हटलं नव्हतं!

ही चार उत्तरं म्हणजे चार वेगवेगळे खेळ. एकाला मस्करी हवी, दुसरीला जिवाभावाचे सोबती, तिसऱ्याला दगाफटका आणि चौथ्याला समुद्रावरचा अंमल. हे सगळं एकाच ताटात वाढलं तर कुणाचंच पोट भरत नाही. मग ठरलं, की दगाफटका बाहेरच्यांशी. आपल्या जहाजावर कुणी कुणाच्या पाठीत सुरा खुपसायचा नाही. एवढ्या एका वाक्याने पुढची निम्मी भांडणं वाचली. ज्यांना आपसातली गद्दारी आवडते त्यांनी तसं खेळावं, पण सगळ्यांना विचारून.

२. कैदेतून सुरुवात करायची का, हे खेळाडूंची नोकरी बघून ठरवा.

पहिला भाग आहे ‘द वर्मवुड म्युटिनी’. पोर्ट पेरिल बंदरातल्या गुत्त्यात पात्रांच्या पेयात गुंगीचं औषध पडतं आणि जाग येते ती वर्मवुड जहाजावर. कप्तान हॅरिगन, त्याच्या हाताखालचे प्लग आणि स्कर्ज, रोज वाटून दिलेलं काम, काम चुकलं तर फटके, रात्री रम. रम प्यायची नाही म्हटलं तरी शिक्षाच. असे कितीतरी दिवस पुस्तकात एकेक करून खेळायचे असतात. कल्पना फक्कड आहे, जहाजावरच्या एकेका माणसाला हळूहळू आपल्या बाजूने वळवायचं, मग बंड.

पण माझ्या मोठ्यांच्या टेबलावरची माणसं शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट येतात. दिवसभर मॅनेजरचं ऐकून आलेल्याला रात्री पुन्हा स्कर्जने डेक घासायला लावलं की त्याचा चेहरा पडतो. त्यांच्यासाठी तो सगळा काळ मी एका लांब बैठकीत बसवला आणि बंडाची वेळ त्यांच्या हातात दिली. पोरांनी मात्र उलटीच गंमत केली. त्यांना कैद संपूच नये असं वाटत होतं! वर्गात मागच्या बाकावर बसून करतात तसली कटकारस्थानं, चिठ्ठ्या, खुणेचे शब्द. स्कर्जचं नाव तर त्यांनी आपल्या एका सरांवरून बदलूनच टाकलं. (कुठल्या सरांवरून ते मी विचारलं नाही.) तिथे रमच्या जागी कोकम सरबत आलं. शिक्षेचा नियम तसाच ठेवला, कारण पुस्तकाच्या लेखकापेक्षा आईच्या आग्रहाला पोरं जास्त ओळखून आहेत.

३. कप्तान कोण, हे जीएमने ठरवू नये. कागदावर लिहून घ्यावं.

जहाज हाती आलं की एक खेळाडू हुकूम सोडतो आणि बाकीचे त्याचे नोकर होतात, हा या प्रकारच्या कॅम्पेनचा जुनाच रोग. औषध खऱ्या चाच्यांकडेच मिळतं. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे नियम १७२४ साली लंडनला छापून आलेल्या चाच्यांच्या चरित्रग्रंथात दिलेले आहेत. महत्त्वाच्या गोष्टीत प्रत्येकाला मत, रात्री आठनंतर दिवे बंद, पैसे लावून जुगार नाही. लुटीतले दोन वाटे कप्तानाला आणि तेवढेच क्वार्टरमास्टरला, तोफखानेवाल्याला दीड. हात किंवा पाय गमावला तर सामायिक पैशातून आठशे नाणी. त्या काळच्या चाच्यांच्या बऱ्याच जहाजांवर कप्तानाचा शब्द लढाईपुरता आणि पाठलागापुरता चाले, एरवी क्वार्टरमास्टर.

मी हे नमुन्यादाखल वाचून दाखवलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. तासभर वाद झाला, फासा एकदाही पडला नाही, आणि ती आमची सगळ्यांत रंगलेली बैठक. मेलेल्या पात्राचा वाटा त्याच खेळाडूच्या नव्या पात्राला द्यायचा का, यावर आमच्या सीएने अर्धा तास खाल्ला. शेवटी ‘वारस म्हणून नाव आधी नोंदवलेलं असेल तरच’ असं कलम पडलं. तेव्हापासून प्रत्येकाचं पात्र कुठल्यातरी दूरच्या चुलतभावाचं नाव खिशात घेऊन फिरतंय.

४. लूट नको असेल तर दस्तक द्या.

हा मुद्दा इतिहासवाल्याचा. निरपराध व्यापाऱ्याचं जहाज अडवून माणसं कापायला त्याचं पात्र तयार होईना, आणि लुटीशिवाय तर पुस्तक पुढेच सरकत नाही. शेवटी मी त्यालाच विचारलं, “मग आंग्रे काय करत?”

कान्होजी दस्तक देत. त्यांच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने पैसे भरून परवाना घ्यायचा. नसेल तर जहाज अडवलं जाई. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाने करत आले होते, तेव्हा इंग्रजांना राग आला तो पद्धतीचा नव्हता, वसूल करणाऱ्याचा होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

खेळात हे बसवायला फार कष्ट पडले नाहीत. पुस्तकात लूट ‘प्लंडर’च्या गुणांत मोजतात, मी तेच गुण दस्तकाच्या वसुलीला लावले. एका सामुद्रधुनीवर खेळाडूंचा अंमल, परवान्याचा दर त्यांनीच ठरवायचा. दर चढवला तर गलबतं वळसा घालून जातात, उतरवला तर खलाशांचा पगार निघत नाही. खोटे परवाने आले. मग खोटे परवाने छापणारा शोधणं आलं, आणि तो त्यांच्याच जहाजावरचा कारकून निघाला. जॅक स्पॅरोवाल्याला मात्र हे सगळं फार सरकारी वाटतं. त्याच्यासाठी दर दोन-तीन बैठकींनंतर एखादं बिनपरवान्याचं, चढेल कप्तानाचं जहाज मी पाठवतेच.

५. जहाजांच्या लढाईत रिकामा हात ठेवू नका.

पाथफाइंडरच्या आरमारी नियमांत सुकाणूवरचा एकजण फासा टाकतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. मी पदं उसनी घेतली ती डंजन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या खेळाच्या २०१९ सालच्या ‘घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’मधून. त्यात जहाजावर कप्तान, फर्स्ट मेट, बोसन, क्वार्टरमास्टर, सर्जन आणि स्वयंपाकी असे सहा अधिकारी असतात, आणि खलाशांचा दर्जा उणे दहा ते अधिक दहा असा मोजतात. दर्जा घसरला की बंडाची भीती. म्हणजे जे आपण हॅरिगनशी केलं ते आपल्याशीही कुणी करू शकतं.

स्वयंपाकी व्हायला आधी कुणी पुढे येईना. शेवटी आमच्या बँकवाल्याने पद घेतलं आणि मन लावून चालवलं. त्याचं पात्र म्हणजे तीन फुटी हाफलिंग, खेळातल्या बुटक्या जमातीतला. सुक्या माशाचा साठा किती, लिंबं किती उरली, कुठल्या बेटावर नारळ मिळतात याची त्याने वेगळी वही घातली. एका लढाईत शत्रूची माणसं दोर टाकून वर चढत होती, तेव्हा त्याने उकळतं कालवण कठड्यावरून खाली ओतलं. फाशावर वीस पडले. पुढचे कितीतरी दिवस जहाजावर जेवायला काही नव्हतं, तरी खलाशांचा दर्जा एका अंकाने वाढवला मी.

६. काय लुटायचं नाही, हे स्पष्ट बोलून घ्या.

कल्पनेतला चाचा रुबाबदार असतो, इतिहासातला नसतो. ब्लॅकबिअर्डचं ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ हे गुलाम वाहणारं फ्रेंच जहाज होतं, १७१७ मध्ये पकडलेलं. आपल्या समुद्रातली गोष्ट सांगायची तर १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं, मक्केहून सुरतेला परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेलं. त्यावरच्या माणसांवर, बायकांवर जे अत्याचार झाले ते माहीत असताना एव्हरीला नायक करणं मला जमत नाही.

म्हणून दोन्ही टेबलांवर एकच नियम आहे. माणूस हा माल नाही. गुलामांचं जहाज हाती लागलं तर बेड्या तुटतात आणि ज्यांना यायचं ते खलाशी होतात. आमचे निम्मे खलाशी तसेच आलेत. बायकांवरचे अत्याचार कथेत येतच नाहीत, पडद्याआडसुद्धा. शिवाय टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड असतं. जॉन स्टाव्हरोपूलोस यांची ही युक्ती आता जगभर चालते. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. मोठ्यांच्या टेबलावर त्याला एकदाच हात लागला, आणि तोही बुडून मरण्याच्या प्रसंगाला. तेव्हापासून आमच्याकडे कुणी बुडत नाही. समुद्रावरच्या कॅम्पेनमध्ये हे ऐकायला विचित्र वाटेल, पण माशांनी, तोफांनी आणि वादळाने मरायला भरपूर वाव उरतो.

७. समुद्राला ऋतू द्या.

या कॅम्पेनच्या जगात ‘आय ऑफ अबेंडेगो’ नावाचं कायमचं चक्रीवादळ आहे. कायमचं असल्यामुळे खेळाडूंना त्याचं काही वाटेनासं होतं. आमच्यातल्या एकीचं माहेर मालवणकडचं, घरची मासेमारी. ती म्हणाली, “वादळ बारमाही असेल तर होड्या शाकारायच्या कधी?” प्रश्न रास्त होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. शिडांच्या काळात तर पावसाळाभर कोकणातली बंदरंच मिटत. मग आमच्या समुद्रालाही पावसाळा आला. तेवढ्या बैठका किनाऱ्यावर होतात. जहाज वाळूवर ओढून तळाची कालवं खरवडायची, देणी चुकवायची, लग्नं लावायची, बंदरातल्या भानगडी निस्तरायच्या. ब्लॅक सेल्सवाला या दिवसांची वाट बघत असतो. मोसम उघडताना चाच्यांची देवी बेसमारा हिला नारळ वाहतात. हे पुस्तकात कुठेही नाही आणि आता त्याशिवाय कुणी नांगर उचलू देत नाही.

८. फुशारकी गाऊन दाखवू द्या.

पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘इन्फेमी’. नुसता पराक्रम करून कीर्ती मिळत नाही, बंदरात येऊन त्याच्या बढाया माराव्या लागतात आणि त्यावर फासा टाकावा लागतो. मी म्हटलं, नुसता फासा नको, बढाई खरोखर मारा. लुफीवालीने डफाऐवजी बिस्किटांचा डबा घेतला आणि उभ्याने पोवाडा लावला. कालवणाची लढाई दहापट मोठी करून, शत्रूच्या जहाजाला चार डोलकाठ्या जोडून. जी जी रं जी म्हणायला बाकीचे होतेच. शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या.

कॅम्पेनच्या सहाव्या आणि शेवटच्या भागात चाच्यांच्या राजाशी, हरिकेन किंगशी गाठ पडते आणि त्याचं सिंहासन हाती येऊ शकतं. ज्यांनी मतांचा करारनामा लिहिला, त्यांना राजा व्हायचं नाही हे मला फार आधी दिसत होतं. म्हणून सिंहासन मी काढून टाकलं आणि सगळ्या स्वतंत्र कप्तानांचं मतदान ठेवलं. इतिहासवाला परवान्यांचा दर कमी करायचं आश्वासन देत फिरतोय, जॅक स्पॅरोवाला दोन्ही बाजूंकडून पैसे खातोय. बँकवाल्याने उमेदवारी भरली तेव्हा सगळे हसले होते, पण गेल्या पावसाळ्यात बंदरातल्या प्रत्येक जहाजाला उधारीवर तांदूळ त्यानेच पुरवला होता आणि त्याची वही त्याच्याकडे आहे.