सिकलसेलग्रस्त विद्यार्थी व शिक्षक

गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत काही मुले वरचेवर गैरहजर राहतात व हातपाय दुखत असल्याचे सांगतात. ते निमित्त समजून मुलास रागावण्यापूर्वी शिक्षकांनी सिकलसेल आजाराचा विचार अवश्य करावा. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत व सांध्यांत तीव्र वेदना उठतात. हा आजार मातापित्यांकडून आनुवंशाने येतो. स्पर्शाने पसरत नाही.

घरी आई दुखरा भाग कोमट कापडाने शेकते, गोष्ट सांगून मुलाचे मन रमविते. शाळेतही हीच आस्था असावी. थंडी, तहान, अतिश्रम व ताप यांनी वेदना बळावतात. यास्तव मुलास तासातही पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाऊ द्यावे, कवायतीत थकल्यास विसावा द्यावा. ताप, धाप वा छातीत दुखणे आढळल्यास पालकांस कळवून त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात पोहोचवावे. बुडालेला पाठ सवडीने पुन्हा शिकवावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही पालकांस सांगावे. मुलाच्या शब्दावर शाळेने विश्वास ठेवल्यास पालकही आजार लपविणार नाहीत.