दुखलं म्हणून व्यायाम सोडायचा का?

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे. उत्साहानं व्यायाम सुरू केला, पाच-सात आठवडे छान गेले, मग काहीतरी दुखावलं आणि सगळं बंद पडलं. यामागचं कारण समजून घ्या. व्यायाम सुरू केला की दम काही आठवड्यांतच वाढतो, स्नायूंची ताकदही लवकर वाढते. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र मजबूत व्हायला कित्येक महिने घेतात. दम पुरतोय म्हणून आपण वेग आणि अंतर वाढवतो आणि त्याचा भार अजून तयार न झालेल्या भागावर पडतो. म्हणून दुखणं ही बहुतेक वेळा प्रमाण चुकल्याची खूण असते. व्यायाम आपल्याला झेपणार नाही, असा त्याचा अर्थ नसतो.

शंका : माझं वय 53. वजन कमी करायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी रोज पाऊण तास चालायला लागले, जोडीला पर्वती चढू लागले. आता सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली काही पावलं टाकवत नाहीत. टाचेत कळ येते, थोडं चाललं की कमी होते. टाचेचं हाड वाढलंय, चालणं बंद कर, असं मैत्रीण म्हणते. (पुणे)

समाधान : टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो टाचेजवळ दुखावलेला दिसतो. एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही ते दिसतं.

चालणं बंद करू नका, निम्म्यावर आणा. सपाट रस्त्यावर चाला आणि काही आठवडे पर्वती राहू द्या. घरात फरशीवर अनवाणी वावरू नका. ओट्याशी उभं राहताना मऊ तळाची चप्पल घाला.

आता मुख्य व्यायाम. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि कठडा धरा. तीन सेकंदांत टाचा वर न्या, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली आणा. आधी दोन्ही पायांवर करा, जमू लागलं की एका पायावर. हा व्यायाम एक दिवसाआड करायचा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी या पद्धतीची तुलना नुसत्या ताण देण्याच्या व्यायामाशी केली. तीन महिन्यांनी ही पद्धत सरस ठरली. वर्षभरानं मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते. म्हणजे हे दुखणं जातं, पण महिने घेऊन जातं.

व्यायाम किती करायचा, हे ठरवायला एक मोजमाप वापरा. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दुखणं तीनपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच राहिलं, तर प्रमाण बरोबर आहे. सकाळी ते वाढलेलं असेल, तर पुढच्या वेळी व्यायाम कमी करा.

शंका : मी 20 वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावते. महिनाभर डाव्या नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की जीव जातो. आता रात्रीही ठणकतं. वजन कमी राहावं म्हणून रात्री जेवत नाही. तीन महिने पाळी आलेली नाही. भरतीला थोडेच दिवस उरलेत. गोळी घेऊन धावू का? (बीड जिल्हा)

समाधान : नाही. आजपासून धावणं थांबव आणि या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. नवख्या धावपटूंची नडगी आतल्या कडेनं वीतभर लांबीत दुखते, ते प्रमाण कमी केल्यावर शांत होतं. तुझं दुखणं एकाच बिंदूवर आहे आणि विश्रांतीतही ठणकतं. हाडाला बारीक तडा गेल्याची ही लक्षणं असू शकतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी निर्धास्त होऊ नकोस. एमआरआय करावा का, हे डॉक्टरांना विचार. गोळीनं वेदना दबते, पण तडा तसाच राहतो. त्यावर धावलीस तर हाड पूर्ण मोडू शकतं.

पाळी थांबलीय हेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. गरोदरपण किंवा थायरॉइड यांसारखी इतर कारणं ते तपासतीलच. पण एवढी मेहनत करून पोटाला कमी घातलं की शरीर आधी पाळीचा खर्च वाचवतं. हाडं जपणारं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. रात्रीचं जेवण आजच सुरू कर. भाकरी, डाळ, उसळ, दूध, शेंगदाणे, खात असशील तर अंडी, सगळं पोटभर खा. वजन थोडं वाढलं तर वाढू दे.

नडगीच्या साध्या तड्याला भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तयारी थांबत नाही. गोळाफेकीसाठी लागणारी खांद्याची, पाठीची, पोटाची ताकद बसून आणि झोपून करायच्या व्यायामांनी वाढवता येते. डॉक्टरांनी परवानगी दिली की सायकल किंवा पोहणं सुरू कर, म्हणजे दम टिकेल. पुढे आधी अर्धा तास न दुखता चालता आलं पाहिजे. मग एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं, तेही मातीच्या मैदानावर आणि एक दिवसाआड. 800 मीटरची वेळ त्यानंतर बघायची.

ही भरती हुकेल याचं तुला किती वाईट वाटत असेल, ते मला कळतं. पण वयोमर्यादेत असशील तर पुढची भरती देता येईल. तडा गेलेल्या पायानं धावलीस तर हीही जाईल आणि पुढचीही धोक्यात येईल.

शंका : दर रविवारी सिंहगड चढतो. वर्षभरात उजवा घोटा तिसऱ्यांदा मुरगळला. प्रत्येक वेळी आई आंबेहळद लावून चोळते, आठवड्यात बरं वाटतं आणि पुन्हा तेच होतं. (वय 34, पुणे)

समाधान : आधी हाड मोडलेलं नाही ना, हे पाहायला हवं. मुरगळल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा.

आईंनी लावलेल्या लेपाला माझी हरकत नाही, चोळण्याला आहे. पहिले दोन-तीन दिवस आत रक्त साकळत असतं, चोळल्यानं सूज वाढते. त्याऐवजी क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. बर्फानं वेदना कमी होते, पण तो जपून वापरा. विश्रांती, बर्फ, बँडेज आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र 1978 मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. त्यांनीच 2014 मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं होणं लांबू शकतं. सोसेल तितकं पाऊल टाकायला लवकर सुरुवात करावी, हाच आजचा सल्ला आहे.

घोटा पुन्हा पुन्हा मुरगळण्याचं कारण वेगळं आहे. पाऊल वाकडं पडू लागलं की घोट्याचे स्नायू क्षणात आवळून त्याला सावरतात. लिगामेंट ताणलं गेलं की ही सवय मंदावते. सूज आणि दुखणं गेलं तरी ती आपोआप परत येत नाही, शिकवावी लागते. दात घासताना उजव्या पायावर अर्धा मिनिट उभे राहा. जमलं की डोळे मिटून, भिंतीजवळ. मग उशीवर. जोडीला एका पायावर टाचा उचला आणि पुढे हलक्या उड्या मारा. हे निदान सहा आठवडे करा. एका पायावरच्या उड्या दोन्ही पायांना सारख्याच जमू लागल्या की गडाकडे वळा. पाय थकल्यावर उतारावर घोटा लगेच मुरगळतो, म्हणून सुरुवातीला अर्ध्या वाटेवरूनच परत फिरा. एवढं करूनही पाय लचकत राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

शंका : सात महिने जिमला नियमित गेलो. मग चिकनगुन्या झाला. दोन महिने झाले, बोटं आणि गुडघे सकाळी आखडतात. सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं, पुन्हा सुरुवात करायचं मनच होत नाही. (वय 46, नागपूर)

समाधान : मेहनत वाया गेलेली नाही. दम दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतो हे खरं, पण ताकद त्याहून बराच काळ टिकते. शिवाय एकदा कमावलेले स्नायू दुसऱ्यांदा लवकर परत येतात.

चिकनगुन्यानंतर सांधे काही महिने दुखू शकतात. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडा-मिटा, गुडघे हळू वाकवा-सरळ करा. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटं चाला, मग आधीच्या वजनांच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून सुरू करा. पहिल्या उत्तरातलं मोजमाप इथेही वापरा. स्टेरॉइडच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजत असतील, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा.

आणि मनासाठी एक व्यवस्था करा. वाईट दिवसाचा व्यायाम आजच ठरवून कागदावर लिहा : पाच मिनिटं चालणं, दहा वेळा खुर्चीवरून उठणं-बसणं. सांधे आखडलेल्या दिवशी तेवढाच करायचा आणि तो पूर्ण व्यायाम मानायचा. त्या दिवशी शरीराला झेपतं तेवढं तुम्ही केलेलंच असतं.

सर्वांसाठी : व्यायाम करताना छातीत दडपण आलं, भोवळ आली, पायातली शक्ती गेली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालय गाठा. ताप असताना व्यायाम करू नका, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. बाकी बहुतेक दुखण्यांत दुखरा भाग सांभाळून शरीराच्या इतर भागांना काम देता येतं. कुठल्या भागाला किती काम द्यायचं, हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना पहिल्याच भेटीत विचारून घ्या.